भिंतीला टेकवलेली सॅक

फोन वाजला तेव्हा माझ्या डाव्या हातात ताडपत्रीचा काठ होता आणि उजव्या हातात हातोडी. दोर ओवायच्या भोकांना आयलेट, म्हणजे पितळी कड्या, ठोकत होतो. रविवार असूनही दुकान उघडलं होतं, कारण घरात बसलो असतो तर बायकोचं, सुरैय्याचं, बोलणं ऐकावं लागलं असतं, आणि सकाळपासून माझं टाळकं असं सणकलेलं होतं की कुणाचं चांगलं बोलणंसुद्धा सहन झालं नसतं. तरी ती डबा घेऊन दुकानात आलीच होती. बारा वाजून गेले होते. समोरून मिरच्यांनी भरलेला टेम्पो गेला, नाकातोंडात खकाणा गेला, मी शिंकलो, आणि त्याच शिंकेत फोन उचलला. घाटाखालच्या चौकीतला हवालदार गिरधर बोलत होता, सकाळी त्याच्याकडेच मी सॅक चोरीला गेल्याची तक्रार दिली होती. "कय्युमभाई का? तुम्हनी नारंगी पिशवी सापडनी. चार जन शेतस. बांबूले तुम्हना तंबू बांधेल शे, झोळी करी ऱ्हायनात. झोळीना मझार बाई शे, पोटमां दुखस म्हनतस. जीप उभी शे. जाऊ दिऊ का थांबाडू? तक्रार तुम्हनी शे." मी ऐकलं ते सगळं. पोटात दुखतंय हेही ऐकलं, जीप उभी आहे हेही. नंतर मी स्वतःला किती समजावलं की रस्त्यावर भोंगे वाजत होते, नीट ऐकू आलं नाही. पण ते खोटं आहे, शब्द न् शब्द ऐकला होता. मला फक्त माझा तंबू दिसला, बांबूला बांधलेला, मध्ये झोळ पडलेला, माझ्या हाताने घातलेल्या टाक्यांवर ताण आलेला. आणि मी म्हणालो, "थांबाडा. एकलेबी जाऊ दिऊ नका. मी ई ऱ्हायनू."

हातोडी खाली ठेवली. सुरैय्या डबा उघडता उघडता थांबली होती. तिने विचारलं, "कौन बाई?" मी म्हणालो, बहाणा असतो यांचा, पकडले गेले की बाई आजारी पडते. तिला तीन बाळंतपणं झालेली, त्यातलं एक मूल जगलं नाही, त्याचा घरात फोटोही नाही. तिने डब्याचं झाकण परत लावलं आणि म्हणाली, "फोन लगाओ वापस. अब्बी के अब्बी." मी लावला नाही. पाच मिनिटं लावला नाही. काय केलं त्या पाच मिनिटांत? आयलेटचा डबा बंद केला, मशीनवर कापड टाकलं, गाडीची चावी शोधली, ती खिशातच होती. माझा स्वभावच असा, एकदा तोंडातून शब्द गेला की तो मागे घ्यायला जीभ तयार होत नाही. अब्बा म्हणायचे, या पोराच्या नाकावर राग नाही, राग आहे त्याला नाक लागलंय. मग फोन लावला तर गिरधरचा फोन लागेना. व्यस्त, मग बंद, मग नुसती शांतता. मी गाडीला किक मारली आणि सुरैय्याने मागून इतकंच म्हटलं की त्या बाईला काही झालं तर घरी येऊ नका.

नंदुरबार सोडलं की प्रकाशा गावापर्यंतचा रस्ता मला झोपेतही येईल, इतक्या वेळा मी तो पाठीवर सॅक घेऊन केला आहे. आज पाठ मोकळी होती आणि ती मोकळी पाठ मला सतत जाणवत होती, एखादा दात पडला की जीभ जशी तिथेच जात राहते तसं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पथारींवर मिरच्या वाळत होत्या. लाल जमीन, लाल हवा, आणि कडेला घडी करून ठेवलेल्या ताडपत्र्या, त्यातल्या निम्म्या आमच्याच दुकानातल्या. अब्बांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मिरच्या झाकल्या. स्वतःसाठी त्यांनी कधी एक तुकडा शिवला नाही. धानोऱ्याच्या गिऱ्हाइकाकडून परतताना पावसात भिजून यायचे, खांद्यावर नव्या ताडपत्रीचा गठ्ठा असायचा, तो कोरडा आणि माणूस ओला. मला त्या गोष्टीचा राग यायचा. ते गेल्यावर मी जे पहिलं विकत घेतलं ते स्वतःसाठी, नुसत्या स्वतःसाठी: तो नारंगी तंबू. कारण एकदा आश्रमशाळेला ताडपत्री पोचवायला सातपुड्यात गेलो होतो आणि तिथे वीरसिंग भेटला. पाड्याच्या वरच्या अंगाला त्याने मला उभं केलं, खाली सगळी दरी धुक्याने भरलेली होती, आणि मला वाटलं की चाळीस वर्षं मी लाल धुळीत तोंड खुपसून जगलो. तेव्हापासून महिन्यातून एकदा डोंगर. आणि डोंगरासाठी सामान: तंबू, मग सॅक, मग पिसांची झोपायची बॅग, दोर, डोक्याला बांधायचा दिवा, बुटांचे दोन जोड, छोटा स्टोव्ह. कंपनीची शिलाई मला पटली नाही. तंबूचा प्रत्येक सांधा मी उसवून पुन्हा घातला, दुहेरी, मेणाच्या दोऱ्याने. सुरैय्या त्याला माझी नारंगी सवत म्हणायची. छत गळतंय आणि जनाब डेऱ्याला ठिगळं लावतायत, असं बायकांना हसून सांगायची. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

प्रकाशाच्या पुलावर फोन लागला. तापीचं पाणी खाली पसरलेलं होतं, गाडी कठड्याला लावून मी ओरडलो की सोडा त्यांना, आधी बाईला सोडा. गिरधर शांतपणे म्हणाला, "ती तं गई. मिरचीना टेम्पो ऊना, त्यामां घाली दिधी. आत्तेच." मी विचारलं, आणि जीप? तो म्हणाला, जीपवाला किती वेळ थांबणार, तो तेव्हाच गेला. मी घड्याळ बघितलं. माझ्या त्या शब्दापासून चाळीस मिनिटं झाली होती. बेचाळीस. मी पुलावर उभा राहून उगाचच पुन्हा मोजलं, जणू मोजून ती कमी होणार होती. मग गिरधर म्हणाला की वीरसिंग आणि दोघं बसवून ठेवले आहेत, नवरा बाईबरोबर गेला, तुमचं सामान मुद्देमाल म्हणून काढून घेतलं आहे, या आणि ओळखून घ्या. "काढून घेतलं म्हंजे?" मी विचारलं. म्हणजे, तो म्हणाला, बाईला बाकड्यावर ठेवलं आणि तंबू सोडवला. तंबू तुमचा ना.

शहाद्याच्या पुढे रस्ता सरळ आहे आणि डोकं नको तिथे जातं. मला काल संध्याकाळ आठवत होती. आठवत कसली, ती अंगावर येत होती. मी पाड्यावर पोचलो तेव्हा वीरसिंगच्या अंगणात बरीच माणसं होती. त्याच्या घराचं छप्पर नव्याने घालायचं होतं. "आज लाह शे, बैस," तो म्हणाला. शब्द मी आधीही ऐकला होता. मला वाटायचं लाह म्हणजे जेवण, काम झाल्यावरची पंगत. इतकी वर्षं डोंगरात जाऊन मला एवढंच कळलं होतं. येणारा प्रत्येक माणूस आपलं हत्यार भिंतीला टेकवत होता. कुऱ्हाडी, विळे, एक पहार, कुणाचं दोरखंडाचं वेटोळं, ओळीने. मीही खांद्यावरून सॅक उतरवली आणि त्याच ओळीत, पहारीच्या शेजारी, टेकवली. कुणीतरी माझ्याकडे बघून मान हलवली. एका म्हाताऱ्याने, नाव आमशा, सॅकवर हात ठेवला आणि काहीतरी म्हणाला, सगळे हसले, चांगलं हसले, आणि मला वाटलं माझ्या सामानाचं कौतुक चाललंय. मग काय, मी फुगलो. तंबू उघडून दाखवला. वीरसिंगने कापड दोन मुठींत धरून ओढून बघितलं आणि विचारलं, किती वजन पेलेल? मी म्हणालो, दोन माणसं घाल, टाका सुटणार नाही. त्याने कोंबडी नेहमीसारखी माझ्याच हातून हलाल करून घेतली, उडदाची डाळ होती, भाकरी होती. जेवलो. माझ्यासाठी त्यांनी आत बाज टाकली होती. कुत्री भुंकतात म्हणून मी कानात रबरी बोळे घातले, तेही त्या सामानातलेच, आणि मेल्यासारखा झोपलो.

सकाळी उजाडल्यावर उठलो तर अंगणात माणूस नाही. भिंतीला कुऱ्हाडी होत्या, पहार होती, आणि पहारीच्या शेजारची जागा रिकामी. वीरसिंगची म्हातारी, कालीबाई, चुलीपाशी बसून होती. ती डोंगराकडे हात करून मला काहीतरी सांगू लागली, भराभर, त्यांच्या पावरी बोलीत, मध्येच स्वतःच्या पोटावर हात ठेवून, मध्येच माझ्या कानांकडे बोट करून. मला एक अक्षर कळलं नाही. मला कळून घ्यायचंही नव्हतं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती की यांना मी आपलं मानलं आणि यांनी हात मारला. आणि त्याच्याही खाली, अजून घाणेरडं, की सुरैय्या म्हणालीच होती, डोंगरातले लोक आपले होत नसतात. मी म्हातारीवर ओरडलो. सत्तर वर्षांच्या बाईवर. तिने हात खाली घेतले आणि माझ्यापुढे चहा ठेवला, आणि मी तो न पिता गाडी काढली, घाट उतरलो, चौकीत गेलो आणि वीरसिंगचं नाव लिहून दिलं. त्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, पाड्यासकट. इतकी वर्षं त्याच्या घरी जेवलो म्हणून मला ते पाठ होतं.

चौकीच्या ओट्यावर तिघं उकिडवे बसले होते. वीरसिंगच्या खांद्यावर बांबूचा वळ उठला होता, कातडी सोलून लाल झालेली. त्याने माझ्याकडे बघितलं आणि नजर हलवली नाही. राग असता तर बरं झालं असतं. बाकड्यावर माझा तंबू घडी करून ठेवला होता, माझ्यापेक्षा नीट, त्यावर दोर, शेजारी सॅक. बाकड्याच्या एका फळीवर ओलं होतं आणि कुणीतरी वर माती टाकली होती. गिरधरने कागद पुढे केला. "वळखा. तुम्हनाच शे ना?" मी वाटेत सगळं ठरवून आलो होतो. मी म्हणालो, माझंच आहे, पण चोरी नाही, मीच दिलं होतं यांना, सकाळी मी विसरलो. गिरधरने माझ्याकडे असं बघितलं की मलाच लाज वाटली. पण तो पेन उचलत होता. तिथेच संपलं असतं. तेवढ्यात वीरसिंग उठला. "नही साहेब," तो म्हणाला. "हाऊ खोटं बोलस. यानं नही दिधं. आमी लिधं."

मी त्याला डोळ्यांनी खूण केली, गप बस म्हणून. त्याने ती पाहिली आणि बाजूला सारली. गिरधर पेन धरून थांबला. "म्हंजे चोरी कबूल?" वीरसिंग म्हणाला, चोरी कशाची? रात्री लाह होती. लाहेत जो येतो तो आपलं हत्यार भिंतीला लावतो आणि जेवतो. जेवला की हत्यार कामाचं. काम कुठलंही असो. काम छपराचं ठरलं होतं, पहाटे वरच्या पाड्यावरून बाज्या धावत आला, त्याची बायको रूपली अडली, तर काम तिचं झालं. जुनी झोळी आदल्या साली एका म्हाताऱ्याला नेताना फाटली होती, म्हातारा दरडीवर आपटला. "यानी पिशवी ओळमां व्हती. हाऊ जेवना. आमी याले उठाडं, खांदाले धरी हलावं, हाऊ उठना नही. मग लिधं. याना हात नही, तं याना दोर." तो हे सगळं गिरधरला सांगत होता, मला नाही. मला तो सांगत नव्हता हे मला फार लागलं. आणि मला तेव्हा उलगडलं की काल ते हसले ते कशाला: शहरातला माणूस आला, आणि न सांगता ओळीत उभा राहिला, म्हणून. आमशाने सॅकवर हात ठेवला तो त्यासाठी. इतकी वर्षं पाहुणा म्हणून जेवलो, काल पहिल्यांदा मी त्यांच्यातला म्हणून जेवलो होतो, आणि मला पत्ताच नव्हता.

गिरधर म्हणाला, हे असं कायद्यात कुठे लिहिलंय? मी म्हणालो, मी लिहून देतो. तो म्हणतो ते खरं आहे, मी आत्ता खोटं बोललो आणि सकाळीही चुकलो. मी सॅक तिथे ठेवली, मी जेवलो, माझं काहीही चोरीला गेलेलं नाही. खोटी तक्रार दिली म्हणून माझ्यावरच कागद करता येईल, असं गिरधरने सांगितलं. मी म्हणालो, करा. खरंच वाटत होतं, करावा. शेवटी त्याने मला शाळेतल्या मराठीत चार ओळी लिहायला लावल्या, गैरसमजुतीने तक्रार दिली, कोणतीही वस्तू चोरीस गेलेली नाही, आणि खाली सही. मग तोही ओट्यावर येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "मी तुम्हले विचारं व्हतं, कय्युमभाई. जाऊ दिऊ का, आसं विचारं व्हतं." मी मान हलवली. त्याला ते कुणाकडून तरी कबूल करून घ्यायचं होतं, आणि माझ्याशिवाय होतं कोण?

मी वीरसिंगला म्हणालो, हे सगळं तुझ्याकडे ठेव, तंबू, दोर, सगळं, पुढच्या वेळी लागेल. मला ते अंगावरून झटकायचं होतं. तो म्हणाला, "लाह सरनी. ज्याना तो घर लई जास." आणि त्याने स्वतःच्या हाताने तंबू सॅकमध्ये भरला. भरताना एकेक सांधा बोटाने तपासला आणि मला दाखवला. एक टाका सुटला नव्हता. सहा तासांची उतरण, चार खांदे, एक बाई, आणि माझी शिलाई धड होती. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी ते सगळ्या बाजारात सांगत फिरलो असतो. सॅक त्याने गाडीला बांधली, बाकीच्या दोघांना पायवाटेने परत धाडलं आणि माझ्या मागे बसला. दवाखाना पंधरा किलोमीटर. एरवी तो माझ्या खांद्याला धरून बसायचा आणि कानाशी बडबडायचा, हे शेत कुणाचं, ते महूचं झाड कुणाचं. आज त्याने सीटमागची सळई धरली होती. मी दोनदा आरशात बघितलं. मला विचारायचं होतं आणि विचारायची छाती होत नव्हती, म्हणून मी गाडी जोरात पळवत होतो, आणि पोचायचीही भीती वाटत होती म्हणून मध्येच हळू करत होतो. अल्लाहकडे काय मागायचं तेही ठरेना. बाई जगू दे म्हणत होतो, आणि त्याच्या मागोमाग, माझ्यामुळे काही झालेलं नसू दे, हे आपोआप येत होतं. दोन दुआ वेगळ्या आहेत हे मला कळत होतं आणि दुसरी जास्त मनापासून निघत होती.

दवाखान्याच्या आवारात बाज्या भिंतीशी उभा होता. पंचविशीचा पोरगा, आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकलेला. त्याच्या हातात गाठोडं होतं, फडक्यात गुंडाळलेलं, लहान. त्याने ते दोन्ही हातांनी धरलं होतं, पण छातीशी नाही, थोडं पुढे, जसं धरायचं शिकलेलाच नसावा. वीरसिंग त्याच्याकडे गेला. ते दोघं पावरीत बोलले, थोडंच. मी गाडीपाशी उभा राहिलो. वीरसिंग परत आला आणि म्हणाला, रूपली शे. म्हणजे जिवंत आहे. मग म्हणाला, मुलगी होती. मी विचारलं. आता न विचारता परत जाणं शक्यच नव्हतं. मी विचारलं की कधी गेली, वाटेत, डोंगरात, का नंतर. सांगितलं असतं ना त्याने की डोंगरातच, पहाटेच, तर मी मानलं असतं, आयुष्यभर मानलं असतं. पण वीरसिंगला खोटं बोलता येत नाही, ते मी तासाभरापूर्वीच पाहिलं होतं. तो म्हणाला, "चौकीना बाकडावर व्हती तवय पोट हालत व्हतं. रूपली सांगस." एवढंच. आवाज वर नाही, खाली नाही. तो मला शिक्षाही करत नव्हता. मी विचारलं आणि त्याने सांगितलं.

मी रडलो. आवारात, सगळ्यांसमोर. मिरचीचा टेम्पोवाला अजून तिथेच होता, त्याने मला पाण्याची बाटली दिली. त्याला वाटलं मी मुलीच्या नात्यातला. मी ते पाणी प्यायलो. मग कुणी काही सांगेना म्हणून आत गेलो. दारातून रूपलीबाई दिसली. भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि तिच्या अंगावर माझी पिसांची बॅग होती, गळ्यापर्यंत ओढलेली. ती तेवढी चौकीत काढून घ्यायची गिरधरची हिंमत झाली नव्हती. खोलीत गारठा होता, दवाखान्याचं ब्लँकेट पायांवर टाकलेलं, पातळ. तिचे दात वाजत होते ते मला दारातून ऐकू येत होते. मी पुढे गेलो नाही. काय म्हणून जाणार होतो?

बाहेर आलो तेव्हा बाज्याचे हात रिकामे होते. गाठोडं आता वीरसिंगकडे होतं आणि तो आवाराच्या फाटकाशी माझ्याकडे पाठ करून उभा होता. मी गाडीवर बसलो. बाज्या माझ्याकडे आला, दोन पावलं लांब थांबला. काल संध्याकाळी जेवताना याच पोराने माझ्या ताटातली मिरची उचलून खाल्ली होती आणि मी त्याच्या पाठीत धपाटा घातला होता. आता त्याने हात जोडल्यासारखे केले, पूर्ण जोडले नाहीत. पुस्तकातल्या, साहेबांशी बोलायच्या मराठीत तो म्हणाला, "शेठ, तुमची ती बॅग आत आहे. रूपलीला फार थंडी वाजते आहे. उद्या सकाळपर्यंत आम्ही ठेवली तर चालेल का?"

मला हो म्हणायला वेळ लागला. तो उत्तराची वाट बघत उभा राहिला.